माउंट बदलला, आता लेन्सचं काय करायचं?

बिंदुसरा धरणाच्या काठावर प्री-वेडिंगचं शूटिंग चाललेलं असतं. दोन फोटोग्राफर शेजारी शेजारी उभे असतात, आणि एकाची लेन्स दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला लागत नाही. पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळते. बीडजवळच्या आमच्या पालीत ती ओळखीच्या माणसाकडून मागून आणावी लागते, आणि त्याचा माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ती कडी, वेगळा निघाला की त्या दिवसापुरतं काम अडतं. याच रस्त्याने हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात. ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असो, पिन घातली की ट्रॉली लागते. लाखभर रुपयांच्या कॅमेऱ्याला हे का जमू नये, असं मला खरोखर विचारायचं आहे.

मिररलेस कॅमेऱ्यात आतला आरसा काढून टाकला, त्यामुळे लेन्स सेन्सरच्या जवळ आणता आली. निकॉनच्या 1959 पासूनच्या एफ माउंटमध्ये माउंट आणि सेन्सर यांच्यातलं अंतर 46.5 मिलिमीटर होतं. 2018 मध्ये आलेल्या झेड माउंटमध्ये ते 16 मिलिमीटर झालं. बॉडी पातळ झाली ती यामुळेच. जुनी लेन्स नव्या बॉडीवर अडॅप्टरने बसते, कारण मधली रिकामी जागा नळीने भरता येते. इथवर माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. कॅननने 2012 मध्ये ईओएस एम आणला. खिशात मावेल असा छोटा कॅमेरा, आणि सोबत 22 मिलिमीटर एफ-2 ही अवघ्या 105 ग्रॅमची लेन्स. फार चांगली लेन्स आहे. अंधाऱ्या मांडवातसुद्धा ती फोटो देते. मग 2018 मध्ये त्याच कंपनीने आर मालिका काढली आणि तिला आरएफ नावाचा वेगळा माउंट दिला. एमच्या बॉडीत माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर 18 मिलिमीटर, आरमध्ये 20. फरक दोनच मिलिमीटरचा, पण तो उलट्या बाजूचा. एमची लेन्स आरवर लावायची तर ती बॉडीत दोन मिलिमीटर आत घुसवायला हवी, आणि साध्या अडॅप्टरला अंतर वाढवता येतं, घटवता येत नाही. पाच वर्षं दोन्ही मालिका शेजारी शेजारी विकल्या गेल्या. 2023 मध्ये एम बंद झाली. ज्याने तिच्या चार लेन्स घेतल्या होत्या, त्याला त्याच कंपनीची नवी बॉडी घेताना चारही पुन्हा घ्याव्या लागतात. आरशाच्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या ईएफ लेन्ससाठी मात्र कॅननने पहिल्या दिवसापासून अडॅप्टर दिला आणि तो नीट चालतो. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाची सोय कशी लावायची हे त्यांना माहीत होतं. छोटा कॅमेरा घेणाऱ्याची सोय लावली नाही.

हे एकट्या कॅननचं नाही. निकॉनने 2011 मध्ये निकॉन 1 ही मालिका काढली आणि 2018 मध्ये बंद केली. सॅमसंगने 2010 मध्ये एनएक्स आणला, 2014 मध्ये एनएक्स 1 हा उत्तम कॅमेरा दिला आणि थोड्याच वर्षांत कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला. प्रत्येक वेळी दुकानात लेन्स स्वस्तात निघतात, तालुक्याच्या गावातला नवा पोरगा त्या घेतो, आणि दोन वर्षांनी बॅटरी मिळेनाशी होते.

वेगळं करता येतं याचा पुरावाही आहे. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी 2008 मध्ये मायक्रो फोर थर्ड्स हा माउंट मिळून जाहीर केला. पुढे ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा विभाग विकला, तरी लेन्स निकामी झाल्या नाहीत, कारण माउंट एकट्याच्या मालकीचा नव्हता. सोनीने 2011 मध्ये ई माउंटची माहिती इतर लेन्सवाल्यांना विनामूल्य खुली केली; आज सिग्मा आणि टॅमरॉनच्या परवडणाऱ्या लेन्स तिथे मिळतात त्या म्हणून. कॅननच्या आरएफसाठी मात्र विल्ट्रॉक्स या लेन्स कंपनीला ऑटोफोकस लेन्स विकणं 2022 मध्ये थांबवावं लागलं. सिग्मा आणि टॅमरॉनला वाट मिळाली ती 2024 मध्ये, तीही छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरती.

छोटेपणाचंही असंच. जाहिरातीत बॉडीचं वजन मोठ्या अक्षरात असतं. सोनीचा ए7सी बॅटरीसकट 509 ग्रॅम, पण त्यावर कंपनीची पहिली 24-70 एफ-2.8 जीएम लावली तर लेन्सच 886 ग्रॅमची. लेन्स केवढी होणार हे मुख्यतः सेन्सरच्या आकारावर आणि ॲपर्चरवर ठरतं. आरसा काढल्याने ते फारसं बदलत नाही. हळदीपासून वरातीपर्यंत कॅमेरा गळ्यात घालून उभं राहणाऱ्याला वजन दोन्हींचं मिळून लागतं. म्हणून दोन्हींचं मिळून वजन छापायला हवं.

आणि बॅटरी. निकॉनच्या डी5600 ला एका चार्जिंगवर 970 फोटोंचं प्रमाणित माप होतं, त्याच कंपनीच्या झेड50 ला सुमारे 300. स्क्रीन आणि सेन्सर सतत चालू राहतात, त्याला इलाज नाही, हे मान्य. पण मग खोक्यात दुसरी बॅटरी का नाही? ज्या कॅमेऱ्यांच्या खोक्यात वेगळा चार्जरही नसतो, तिथे बॅटरी कॅमेऱ्यातच भरत ठेवायची, म्हणजे कॅमेरा सॉकेटला बांधलेला. वीज गेली तर दोन्ही गेले.

उन्हाळ्यातला फुफाटा हा आमच्याकडचा वेगळा विषय. लेन्स काढली की बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर उघडा पडतो. कॅननच्या ईओएस आरमध्ये कॅमेरा बंद करताच शटर मिटतं आणि सेन्सर झाकला जातो. ही साधी सोय प्रत्येक बॉडीत द्यायला हवी होती, सर्वात स्वस्त बॉडीत तर नक्कीच, कारण स्वस्त बॉडी घेणाऱ्याकडे दुसरी बॉडी नसते आणि त्याला मांडवाबाहेर धुळीत उभं राहून लेन्स बदलावी लागते. धुळीसारखंच उन्हाचं. कॅननच्या साध्या लेन्सबरोबर ऊन अडवणारा हूड मिळत नाही, तो वेगळा विकत घ्यायचा. मराठवाड्याच्या उन्हात हूडशिवाय फोटो काढून दाखवा, एवढंच मी म्हणेन.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. त्या विचारात कॅमेऱ्याचा माउंटही यायला हवा. लेन्स, बॅटरी आणि सुटे भाग कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, ते विक्रीच्या दिवशी खोक्यावर छापलेलं असावं. कंपन्यांनी स्पर्धा जरूर करावी. फोटो चांगले काढण्यात करावी.

तोवर नव्याने धंद्यात येणाऱ्यांना माझी विनंती आहे. बॉडी बघायच्या आधी त्या माउंटच्या लेन्सची यादी बघा, त्या लेन्स किती कंपन्या बनवतात ते विचारा, आणि तुमच्या भागातले बाकीचे फोटोग्राफर कोणता माउंट वापरतात याची चौकशी करा. शक्यतो तोच घ्या.