सर्व्हर घ्यायचाय? आधी सातबारा दाखवा

छत्रपती संभाजीनगरची वाळूज एमआयडीसी. मागे शेड, पुढे ऑफिस, ऑफिसात सात माणसं. मालकांच्या टेबलावर तीन कोटेशनं पडलेली आणि प्रश्न एकच : मेलसाठी आणि इंटरनेटसाठी सर्व्हर कुठला घ्यावा?

सातपैकी तिघं मेल उघडतच नाहीत.

कोटेशनवाला म्हणतो, "साहेब, पुढचा विचार करून घ्या." पुढचा म्हणजे पन्नास माणसांचा. त्यासाठी रॅक हवा, रॅकसाठी जागा हवी, जागेसाठी स्टोअरमधली वेल्डिंग रॉडची खोकी हलवायला हवीत. खोकी कुठं ठेवायची, ते मात्र कोटेशनमध्ये नाही.

तसा सर्व्हर या ऑफिसात आधीपासूनच आहे. चिकलठाण्यापासून शेंद्र्यापर्यंत कुठंही दिसेल असा. जुना डेस्कटॉप, एका बाजूचा पत्रा काढलेला, समोर टेबलफॅन. मॉनिटरवर स्केचपेननं लिहिलेला कागद : "बंद करू नये". सकाळी झाडायला आलेल्या मावशी तो प्लग रोज काढतात. त्यांचाही दोष नाही. कागद मॉनिटरवर आहे, प्लग टेबलाखाली.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सर्व्हरसाठी म्हणून एसी घेतला जातो. आठवड्याभरात अकाउंटंटचं टेबल त्या खोलीत सरकतं.

खंडेनवमीला त्याची रीतसर पूजा होते. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. वर्षातून त्याची धूळ पुसली जाते ती त्याच दिवशी.

"बॅकअप आहे का?"

"आहे ना."

"कुठं?"

"त्यातच. डी ड्राइव्हला."

अशा ऑफिसांसाठी मायक्रोसॉफ्टनं खरंच एक वस्तू काढली होती. नावही सरळ : स्मॉल बिझनेस सर्व्हर. मेल, फायली, प्रिंटर, सगळं एका डब्यात, ७५ माणसांपर्यंत. शेवटची आवृत्ती २०११ ची. पुढं कंपनीनंच ती गुंडाळली आणि गिऱ्हाइकांना क्लाउडचा रस्ता दाखवला. कंपनी थांबली. आपल्याकडचे कोटेशनवाले थांबले नाहीत.

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख किती ऑफिसांनी पाळली? त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ चाही. म्हणजे जो जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून बसलाय तो, आणि "सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतोय साहेब" असा जो मेल सर्व्हर तुम्हाला दाखवला जातोय तो, दोघंही एकाच दिवशी निवृत्त झाले. पेन्शन तुम्ही द्यायचं.

पण समजा, हट्टच आहे. मेल आपल्याच सर्व्हरवर हवा. मग ऐका.

मेल घेणं सोपं आहे. पाठवणं हा खरा धंदा आहे. त्यासाठी कायमचा आयपी पत्ता लागतो, त्याचे वेगळे पैसे. साध्या कनेक्शनवर मेल बाहेर पाठवायचं पंचवीस नंबरचं पोर्ट इंटरनेट कंपन्या बहुधा बंदच ठेवतात. ते उघडून घ्यायचं. मग त्या आयपीला उलट विचारलं की तुमचंच नाव निघेल अशी नोंद इंटरनेट कंपनीकडून करून घ्यायची. ती नोंद म्हणजे काय, हे कॉल सेंटरवरच्या मुलीला समजावण्यात एक दुपार. मग मेल तुमचाच आहे याची साक्ष देणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहूनं पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आणखी आवळलेत. नोंद चुकली की मेल परत येतो किंवा स्पॅममध्ये जातो.

परत आला तर नशीब समजा. स्पॅममध्ये गेलेला कळवतही नाही.

म्हणूनच आपल्याकडे मेल पाठवला की लगेच फोन करायचा असतो. "मेल टाकलाय, बघा हं." फोनवर सांगूनही दिसला नाही की तीच फाइल व्हॉट्सॲपवर. खरेदीची ऑर्डर तिथंच येते, ड्रॉइंगही तिथंच, "रेट जरा बघा" तर तिथंच. लाखाच्या सर्व्हरचं काम फुकटच्या हिरव्या चौकोनात उरकतं.

आणि सरकार? तेही आहे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. कंपन्याही त्यात आल्या. सात माणसांच्या ऑफिसात सहा तासांत हल्ला झाल्याचं कळवायचं कोणी? ज्यानं सर्व्हर बसवला तो मुलगा आता हिंजवडीला असतो.

मग फुकटचं काय वाईट?

फुकटचं फुकट असेपर्यंत काहीच वाईट नाही. गुगलनं एकेकाळी छोट्या ऑफिसांना स्वतःच्या नावाचा मेल फुकट दिला होता. २०१२ च्या डिसेंबरात नव्यांसाठी दार बंद झालं. २०२२ मध्ये जुन्या धंदेवाल्यांनाही बिल आलं. दहा वर्षं ज्यांनी "आपण काय हुशार" म्हणून मिरवलं, त्यांना दहा वर्षांचे मेल हलवायचे कसे ते माहीत नव्हतं. हुशारीची किंमत हप्त्यानं भरली.

दुसरं टोक म्हणजे थेट जीमेल. दुकानाचं नाव, पुढं शून्य सात, कारण नुसतं नाव दुसऱ्यानं आधीच घेतलेलं. लेटरहेडवर सोनेरी अक्षरात "निर्यातदार" आणि खाली जीमेल. हसू नका. केंद्रानं २०१५ मध्ये सरकारी कामाला सरकारीच मेल वापरा असं धोरण काढलं, तरी राज्यातल्या कार्यालयांच्या पाट्यांवर जीमेल आणि रेडिफमेल अजून सापडतात. यथा राजा.

अर्थात राजाही शेवटी भाड्याच्याच घरात गेला. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल झोहोच्या यंत्रणेवर हलवल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. ज्यांच्याकडे एनआयसीसारखी स्वतःची संगणक संस्था आहे त्यांनीही मेलचं काम बाहेर दिलं. तुमच्याकडे एनआयसी नाही. शेजारच्या शेडमधला "कम्प्युटरचं बघणारा" आहे.

मेल भाड्यानंच घ्या, हा माझा निकाल. गुगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो, कोणाकडूनही. सातही जणांना घ्यायची गरज नाही.

घरात ठेवायचं ते वेगळं. टॅलीचा डेटा, ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेटं. त्याला दोन डिस्कचा छोटा डबा पुरतो. पण इथंही विक्रेता डोळा मारून सांगतो, "एक डिस्क गेली तरी दुसरी आहे, बॅकअपची चिंताच नाही."

आहे चिंता.

२७ जून २०१७. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीला आडवं करून गेला. न्हावा-शेव्यातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. तिचे दीडशेच्या आसपास मुख्य सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत होते. एक गेला तर दुसरा आहे, हाच विचार. व्हायरसनं सगळेच पुसले, कारण नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. एक तेवढा वाचला. घानामधला.

का वाचला? तिथं त्या वेळी वीज गेली होती!

एवढी मोठी कंपनी पुन्हा उभी राहिली ती त्या एका प्रतीवरून. भारनियमनाचा असा उपयोग महावितरणलाही सुचला नसेल. आपल्याला घाना नको. एक बाहेरची डिस्क घ्या, शुक्रवारी प्रत काढा, केबल उपटा, मालकांच्या घरच्या कपाटात ठेवा. आणि महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाइल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, तो नवस असतो.

आता इंटरनेट. "आम्ही दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्यात" असं अभिमानानं सांगणारे भेटतात. दोन्ही केबल एकाच खांबावरून, एकाच भोकातून आत आलेल्या. आपल्या शहरात पाणीपुरवठ्याची नवी योजना चालू आहे. २०२० च्या डिसेंबरात भूमिपूजन झालं तेव्हा १६८० कोटींची होती, पुढं २७४० कोटींवर गेली. पाणी किती दिवसांआड येतं ते विचारू नका, पण जेसीबी रोज येतो. त्याला दोन कंपन्या दिसत नाहीत. दोन वायर दिसतात.

दुसरी लाइन घ्यायची तर हवेतली घ्या. सिम घातलेला एक डबा. सात माणसांच्या मेलला आणि जीएसटीच्या पोर्टलला तेवढं पुरतं. पोर्टल स्वतः चालू असेल तर.

मेलच्या पत्त्यातल्या नावाचं काय करायचं?

२०२३ च्या फेब्रुवारीत शहराचं नाव बदललं. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली, मेलचा पत्ता मात्र तोच राहिला. कारण तो सत्तर ठिकाणी दिलेला आहे आणि त्यातली साठ आठवत नाहीत. नवं नाव रोमन लिपीत २४ अक्षरांचं आहे. फोनवर सांगून बघा. "सी, मग एच, परत एच..." समोरचा म्हणतो, "व्हॉट्सॲप करा." राजकारण काहीही असो, मेलच्या पत्त्यात शहराचं नाव घालू नका. शहरं नावं बदलतात, ऑफिसं पत्ते बदलतात, मेल आयडी बदलायला कुणालाच वेळ नसतो.

देवनागरीतला पत्ता? "डॉट भारत" २७ ऑगस्ट २०१४ ला आलं, त्यात मराठीही होती. तुम्हाला त्यावरून आलेला शेवटचा मेल कधीचा?

बरं. सर्व्हर, लाइन, बॅकअप झालं. आता ज्यासाठी एवढा कागद खर्ची घातला तो प्रश्न.

डोमेन कोणाच्या नावावर आहे?

बघा गंमत. एमआयडीसीतल्या प्लॉटचा एक कागद इकडचा तिकडे झाला तर मालक रात्रभर झोपत नाहीत. गावाकडच्या जमिनीचा सातबारा महिन्याला ऑनलाइन काढून बघतात, भावानं काही करून ठेवलं नाही ना म्हणून. आणि ज्या नावावर रोजचा सगळा व्यवहार चालतो त्या डोमेनचा सातबारा? तो वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर. त्याच्या ईमेलवर. त्याच्या मोबाइलवर. वहिवाट तुमची, मालकी त्याची. तो मुलगा चांगलाच असतो. पण लग्न होतं, नंबर बदलतो, पुण्याला जातो. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या मेलवर येत राहते. मग एका सोमवारी ऑफिसचे सगळे मेल बंद. आणि सगळ्यांचा एकच निष्कर्ष : "सर्व्हर डाउन आहे."

सर्व्हर ठणठणीत असतो. वर्षाचे हजार-बाराशे रुपये भरलेले नसतात.

हे फक्त वाळूजला होतं असं समजून लाजू नका. १९९९ च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचं नूतनीकरण करायला विसरलं. हॉटमेलचं लॉगइन त्यावर चालायचं. कित्येकांना मेल उघडेना. शेवटी अमेरिकेतल्या एका लिनक्सवाल्या प्रोग्रामरनं आपल्या खिशातून ३५ डॉलर भरले. जगाला सर्व्हर विकणारी कंपनी ३५ डॉलरला अडकली!

डॉट कॉमची मुदत संपली की थोडी जादा मुदत मिळते. ती उलटली की तीस दिवस दंडासह सोडवायची मुदत. त्यानंतर नाव बाजारात, पहिला येईल त्याचं. आणि घेणारा भला माणूस निघेलच असं नाही. तुमच्या डोमेनवरून तुमच्याच गिऱ्हाइकाला "आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट इथं करा" असा मेल गेला, तर तो खोटा कसा म्हणायचा? पत्ता तर खराच आहे.

सातबाऱ्याची दुसरी नोंदही बघून घ्या. जीएसटीच्या नोंदणीत मेल कोणाचा आहे? कर सल्लागाराचा. ओटीपी त्यांच्याकडे जातो, नोटीसही त्यांच्याकडेच जाते, आणि ते एका लग्नाला बीडला गेलेले असतात. पासवर्ड मात्र सगळ्यांना पाठ : कंपनीचं नाव, ॲट, एक दोन तीन. सोडून गेलेल्यांनाही.

तेव्हा तीन कोटेशनं तूर्त ड्रॉवरमध्ये ठेवा. डोमेनची मुदत कधी संपते हे व्हूइज या खुल्या नोंदवहीत फुकट दिसतं, मिनिटभर लागतं. नोंदणीच्या खात्यात मालकाचा मेल आणि मालकाचा मोबाइल घाला, आणि तो मेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन बंद पडल्याची सूचना बंद पडलेल्या डोमेनवर येईल. पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाका. ते काम या आठवड्यात करा. सर्व्हर दिवाळीनंतर बघू.