नुसती पुडी

"काय करायलाव वैनी?" भिंतीपलीकडून काकूंची हाक आली, की समजायचं, अर्धा तास गेला. परभणीतला मे, पारा 44 वर, आणि माझ्या पुढ्यात परातभर कैरीच्या फोडी.

"काकांचं कसंय आता?"

"काय सांगू! परवा दिवसभर रानात. संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे, उलट्या. तांब्यावर तांब्या पाणी प्याले, तरी उतार नाही. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरनं बाटली लावलीच नाही. नुसती पुडी दिली! एवढं पेट्रोल जाळून..."

मी परात उचलून भिंतीवर ठेवली. "सकाळी फोडी कोरड्या होत्या. मीठ लावलं, हे बघा वाटीभर पाणी सुटलं."

"मला लोणचं शिकवताव?"

"पेशींचं सांगतेय. पेशीच्या पातळ पडद्यातून पाण्याला वाट आहे, मिठाला सहजासहजी नाही. मीठ जिकडं जास्त, तिकडं पाणी. घामातून काकांचं मीठही गेलं. वरून नुसतं पाणी ढोसलं, की रक्त पातळ होतं आणि पाणी पेशींत शिरून त्या फुगतात. सलाइनमध्ये म्हणूनच लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं. साधं पाणी शिरेत सोडलं, तर तांबड्या पेशी फुटतील."

"मग बाटलीच लावायची ना!"

बाटलीशिवाय दवाखाना म्हणजे आमच्याकडं पैसे पाण्यात. सांगितलं, "आतड्याच्या पडद्यात एक दार आहे. मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आले तरच उघडतं. ते आत गेले, की पाणी मागोमाग."

"धोंड्याच्या जेवणावानी की! लेक-जावई जोडीनं आले तरच ताट."

वर्गात मला हे इतकं नेमकं कधी सुचलं नसतं. "1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा पाण्यात कालवून ड्रम भरले. नातेवाइकांनीच रोग्यांना पाजलं. शंभरात तीस मरत होते, ते चारच्या आत आले. पुडी म्हणजे तेच, थोड्या फरकानं."

काकू गप्प झाल्या. हे क्वचित घडतं.

"वैनी, ह्यांनी तर अख्खी पुडी पेल्यातच कालवलीय. चव यावी म्हणून."

"लिटरची? एका पेल्यात?"

काकूंनी एकदा परातीतल्या सुटलेल्या पाण्याकडं पाहिलं आणि पदर खोचून घराकडं धावल्या. "अवं, ठिवा तो पेला खाली!"