किती देते?

उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्ये कोणी नवी गाडी आणली की पेढ्याच्या आधी प्रश्न येतो, ‘किती देते?’ ‘सोळा’ असं खरं उत्तर दिलं, तर समोरचा दवाखान्यात भेटायला आल्यासारखा चेहरा करतो. तो चेहरा कायमचा टाळायचा असेल, तर पुढचं मार्गदर्शन वहीत उतरवून घ्यावं. ते मी स्वखर्चाने तयार केलं आहे.

सुरुवात लोहचुंबकाने करावी. तो पेट्रोलच्या नळीला बांधला की पेट्रोलचे रेणू शाळेच्या प्रार्थनेसारखे रांगेत उभे राहतात, असं विकणारा सांगतो. माझ्या चुंबकाच्या खोक्यावर ‘मेड इन यूएसए’ छापलेलं होतं. त्या तीन अक्षरांचा आमच्या गावातला अर्थ, ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, शाळकरी पोरालाही पाठ असतो, म्हणून मी खोलात गेलो नाही. खऱ्या यूएसएतल्या सरकारी पर्यावरण खात्याने असली शंभरावर उपकरणं तपासली, पण बहुतेकांतून काहीच निघालं नाही. चुंबक मात्र वाया जात नाही. सध्या तो आमच्या फ्रिजवर विजेचं बिल धरून असतो.

मग वजन उतरवावं. स्टेपनी काढली की दहा-पंधरा किलो सुटतात. मागची सीट काढली तर आणखी. माझ्या आत्याला अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचं होतं. तिला रिक्षाने पाठवलं. ते भाडं बचतीच्या हिशेबात धरायचं नसतं.

आता मुख्य काम, वारा कापण्याचं. अमेरिकेत एका हौशी माणसाने १९९२ च्या होंडा सिव्हिकला घरच्या घरी लांबलचक शेपूट लावलं, चाकं झाकली आणि महामार्गावर लिटरला चाळीसच्या आसपास काढले. ही थाप नव्हे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ८० ला तो २० च्या सोळापट असतो. पण गोल मैदानाकडून शहाड स्टेशनकडे संध्याकाळी ज्याला २० चा वेग मिळाला, त्याने झुलेलालला प्रसाद चढवावा अशी आमची परिस्थिती. आमच्यापुढे वारा नसतो, रिक्षा असते. रिक्षा कापणारं शेपूट अजून निघालेलं नाही.

तरीही मी गाडीचं पोट झाकलं. खालून हवा गुळगुळीत जावी म्हणून. साहित्य कुठून आणायचं, हा प्रश्न या शहरात कुणाला पडू नये. वाढदिवस होऊन आठ दिवस झालेला फ्लेक्स मिळाला. शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो कापून टाकले, मधले भावी नगरसेवक तेवढे अखंड ठेवले.

शहाडच्या पुलावरून उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला. कार्बोरेटरच्या काळात तो चालून गेला. हल्लीच्या इंजेक्शनवाल्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय उचलला की इंजिन पेट्रोल बंद करतं. न्यूट्रलला मात्र नुसतं फुरफुरत राहण्यासाठी पीत बसतं. म्हणजे वर्षानुवर्षं मी ब्रेक झिजवून पेट्रोल जाळत होतो. ही गोष्ट वडिलांना सांगितली नाही.

हिशेब असा. महिन्याला ३०० किलोमीटर, लिटरला १५, म्हणजे २० लिटर. एवढ्या खटाटोपाने दहा टक्के वाचले असं उदारपणे धरलं तरी दोन लिटर. दोनशे रुपये आणि वर थोडी चिल्लर. माझा खर्च १८ हजार. वसुलीला साडेसात वर्षं, तीही गाडी त्याआधी भंगारात गेली नाही तर.

(सीएनजीचा मार्ग खरा आहे, पण त्यात गंमत नाही. मान्यताप्राप्त किट बसवायचं, कल्याण आरटीओत आरसी बुकात नोंद करायची, डिकी गमवायची आणि रांगेत उभं राहायचं. बाकी मनाला येईल तशी गाडी कापाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते बजावून सांगितलं. आणि ड्रायव्हरच्या दारावर जो आकडा चिकटवलेला असतो, तेवढी हवा टायरमध्ये भरणं हा उपाय पंपावर फुकट मिळतो. त्यामुळे त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.)

शेवटची पायरी, चाचणी. टाकी फुल करून मी निघालो. शहाडच्या पुलाच्या चढावर खालून फरफर आवाज आला आणि भावी नगरसेवक गाडीखालून निसटून रस्त्यावर पडले. उताणे, हात जोडून, हसतमुख. मागची रिक्षा थांबली. तिच्यामागची थांबली. दादांच्या तोंडावरून चाक घालायची कुणाची छाती होईना. उतरून कोपरा ओढावा, तर तोवर चार पोरं मोबाइल काढून उभी. वीस मिनिटं पूल गच्च होता.

वाहन उभं असताना इंजिन बंद ठेवावं, हा नियम मी पाळला. त्या वीस मिनिटांत माझ्या गाडीने एक थेंबही जाळला नाही.