उलट्या पायांचा अनुक्रमांक

सुशिक्षित तरुणाने आपले शिक्षण, आपला पगार आणि आपली रास यांच्या जोडीला आपला आवडता भूतप्रकारही जाहीर करावा, असा शिरस्ता अलीकडे पडला असून भुसावळ शहर त्यातही मागे राहिलेले नाही. ‘मला भुताचे सिनेमे आवडतात’ एवढे मोघम निवेदन या भयरसिकांच्या दरबारी दाखल करून घेतले जात नाही. स्लॅशर की बॉडी हॉरर, झोंबी की व्हॅम्पायर, भूत प्रत्यक्ष दिसावे की त्याचा केवळ भास व्हावा, याचा तपशीलवार खुलासा सादर केल्यावाचून अर्जदाराची गणना रसिकांत होत नाही. आणि जो मनुष्य थिएटरात एकाएकी दचकला, तो तर कायमचाच नापास. दचकणे हे या मंडळींत गावंढळपणाचे लक्षण समजतात.

परवा अशाच एका उमद्या रसिकाने आपली क्रमवार यादी आम्हांस वाचून दाखविली. अग्रस्थानी अर्थातच ट्रान्सिल्व्हानियाचे सरदार ड्रॅक्युला, मूळ वास्तव्य 1897 सालच्या कादंबरीत; त्यांच्या मागोमाग पौर्णिमेस लांडगा होणारा इसम; तिसऱ्या जागी 1968 च्या कृष्णधवल अमेरिकन चित्रपटातून पाय ओढीत आलेली प्रेते. या निवडीत स्थानिक हवामानाचा विचार मुळीच झालेला नव्हता. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनात हिंडतो, उन्हाने विरून जाण्याची वहिवाट 1922 च्या जर्मन मूकपटाने पाडली, हे मान्य. परंतु वैशाखात पारा जेथे 45 अंशांपलीकडे जातो आणि वांग्याच्या भरितात लसूण कमी पडली तर घरधनी ताटावरून उठतो, त्या मुलखात हा सरदार कितीसा तग धरणार? लांडग्याच्या अंगावरील केसांविषयी तर बोलावयासच नको.

देशी विभागात ‘तुंबाड’ (2018) मधील हस्तराला पाचवी जागा होती, ‘मुंज्या’ (2024) ला आठवी, आणि अगदी तळाशी, अकराव्या क्रमांकावर, हडळ. कारण विचारले. “काका, ती जुनी झाली. पाय उलटे, बस. दुसरं काय आहे तिच्यात?”

आम्ही त्या पायांपाशीच अडकलो. पाय उलटे असणे ही काय हलकी गोष्ट आहे? सदर स्त्री घरात शिरली, तर अंगणातील मातीवर उमटलेल्या पावलांवरून ती घराबाहेर पडली असाच दाखला मिळणार. पंच येणार, पावले मोजणार, ‘संशयित स्त्री स्वखुशीने निघून गेली’ असे पंचनाम्यात लिहून चहा पिऊन जाणार, आणि ती मात्र माजघरात निर्धास्त बसून राहणार. इतकी कायदेशीर सोय ड्रॅक्युलाच्या नशिबी नाही. तिने आमच्या जंक्शनाचा पादचारी पूल चढावयाचे मनात आणले, तर प्रत्येक पायरीवर आधी टाच ठेवावी लागणार, आणि समोरून उतरणाऱ्या गर्दीने बाईच्या तोंडावर विश्वास ठेवावा की पायाच्या बोटांवर, हा पेच सुटेपर्यंत पुलावर दोन्ही बाजूंनी बोचकी, ट्रंका आणि केळीचे घड यांचा तुंबारा होणार. चपलांच्या दुकानातील नोकराची तारांबळ वेगळीच. अंगठा मागे आल्यावर पट्टा कोठे बसवावा, माप उभ्याने घ्यावे की पाठमोऱ्याने, आणि चप्पल चावते अशी तक्रार घेऊन बाई रात्री बारानंतर परत आली तर बदलून द्यावी की नाही, याविषयी कोणत्याही मालकाने हुकूम काढून ठेवलेला नाही. शिवाय जोडवी. बाई पुढे चालली की तिची जोडवी मागे राहणार. आणि जोडवी तर असणारच, कारण हडळ ही कोणाच्या तरी घरची सून असते.

भूतयोनीतही हुद्दे आहेत. सोडमुंजीपूर्वी गेलेला बटू मुंजा होतो व त्याला राहावयास अख्खा पिंपळ मिळतो. ब्रह्मसमंधाकडे पुरलेल्या धनाची राखण असते, म्हणजे मेल्यावरही सातबारा त्याच्याच नावे. वेताळ तर साऱ्या भुतांचा राजा. बाळंतपणात किंवा सुवेरात गेलेल्या बाईच्या वाट्याला काय आले? तिचे प्रेत नेले त्या वाटेवर मोहऱ्या फेकल्या, उंबऱ्यात खिळे ठोकले, की बया परत येऊ नये. तीन दिवस अडलेल्या सुनेसाठी ज्या घराला वैद्य सापडला नाही, जेथे तिच्या उशाशी विळा ठेवून पुरुषमंडळी ओसरीवर पाने जमवीत बसली, ते घर ती गेल्यावर तिला भ्याले, आणि भिण्यास त्याला सबळ कारण होते. ती परत आली असती तर चार प्रश्न विचारले असते! म्हणून पाय उलटे. तोंड घराकडे वळले तरी पावलांनी चालते व्हावे. नाट्यशास्त्रात भय हा स्त्रियांचा आणि नीच प्रकृतीच्या माणसांचा भाव म्हणून सांगितला आहे. उंबऱ्यात खिळे ठोकणारे स्त्रिया नव्हते, तेव्हा उरलेला वर्ग कोणता हे ज्याचे त्याने ओळखावे. आणि आता त्याच घरांतले पणतू, गादीवर लोळत, पॉपकॉर्न चघळीत, तिच्यात ‘काही नवीन नाही’ असा शेरा मारतात! उसाच्या फडातील घर आणि एक गरोदर बाई घेऊन ‘लपाछपी’ने (2017) हेच दुखणे पडद्यावर मांडले होते, तो चित्रपट आमच्या रसिकाने यादीतून वगळला होता, कारण त्यात म्हणे ‘संदेश’ आहे.

हे आम्ही बऱ्याच चढ्या आवाजात बोललो असलो पाहिजे, कारण रसिकाची आजी भिंत धरीत धरीत बाहेर आली. तिची थोरली बहीण यावलकडच्या एका खेड्यात पहिल्या खेपेला अडली होती. पावसाळ्याचे दिवस, चिखलात रुतलेली बैलगाडी, दवाखाना दूर. घरी आणली ती कापडात गुंडाळूनच. उंबऱ्यातले ते खिळे पुढे कित्येक वर्षे तसेच होते आणि आत जाताना त्यांना लुगडे अडकायचे, असे आजीने सांगितले.

“तिचा नंबर कितवा लावला रे, भाऊ?”

रसिक मुळीच गोंधळला नाही. त्याने मोबाइल पुढे ओढला. “म्हणजे रिअल स्टोरी आहे, आजी? आपल्याच घरातली? मग हे फोक हॉररमध्ये जातं,” असे म्हणून त्याने हडळीस अकराव्या जागेवरून थेट तिसरीवर बढती दिली, चालती प्रेते एक घर खाली सरकली.