विरजण पडलं की लागलं?

"काकू, कढीपत्ता घेतेय हं दोन काड्या. आणि काय हो, रविवारी पाहुणे बसलेले असताना काका उठून का गेले? आम्हाला वाटलं, स्थळच पसंत नाही."

"स्थळाचं काय घेऊन बसलीस! पोहे हातात आले, सगळे गप्प झाले आणि ह्यांच्या पोटात बेडकांनी सूर धरला. मुलाचे वडील आधी पंख्याकडे बघतात, मग फ्रिजकडे. सगळ्या कार्यक्रमावर विरजण पडलं बाई."

"अगं बाई! खाल्लं काय होतं?"

"दाढ काढल्यावर पाच दिवस अँटिबायोटिक झालं. पोट सैल झालं म्हणून डॉक्टरांनी प्रोबायोटिकची गोळी दिली, रोज एक. ह्यांनी डबीवर वाचलं, एका गोळीत 500 कोटी जिवाणू. म्हणाले, एवढं सैन्य एका गोळीत, मग दोन घेतो, लवकर फत्ते! वर पोटाला बरं म्हणून त्याच दिवसापासून ओट्स, अळशी न् रात्री मटकीची उसळ. तिसऱ्या दिवशी पोटाचा नगारा. आता म्हणतात, औषधच खोटं, फेक ती डबी."

"फेकू नका लगेच. काकू, लिटरभर दुधाला विरजण किती लावता?"

"चमचाभर."

"आणि वाटीभर लावलं तर?"

"आंबटढाण होईल की."

"तेच काकांनी केलंय! माझी भाची औषधांच्या दुकानात बसते, तिनं मला सांगितलं. आपल्याला न पचलेलं जे मोठ्या आतड्यात उतरतं, ते तिथले जिवाणू आंबवतात आणि त्यातून वायू सुटतो. नवे जिवाणू आले की थोडे दिवस घडी विस्कटते. कुणाचं पोट फुगतं, कुणाला गुडगुड, कुणाला उलट खडा होतो. बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतं. काही गोळ्यांत जिवाणूंचा खाऊही घातलेला असतो, इन्युलिन म्हणून. त्यानंही गॅस होतो. आणि काकांनी तर मटकीही वाढली त्यांना!"

"म्हणजे पंगतच घातली म्हण की!"

"मग काय! डॉक्टरांना विचारून गोळी एकावर आणा, आणि ओट्स, अळशी आठवडाभर राहू द्यात बाजूला. पुढं कधी अँटिबायोटिक चालू असतानाच घ्यायची झाली, तर दोन्हींत दोन-तीन तास तरी जाऊ द्यायचे, नाहीतर जिवाणू मरतात. यीस्टची गोळी असली तर अँटिबायोटिकनं ती मरत नाही."

"हे म्हणतात, दह्यावरच्या शोधाला नोबेल मिळालंय, मेच्निकॉफ नावाच्या शास्त्रज्ञाला."

"नोबेल मिळालं खरं, 1908 साली. पण ते रोगप्रतिकारशक्तीच्या कामाला, दह्याला नव्हे! आंबलेलं दूध तो स्वतः रोज प्यायचा, एवढंच."

"थांब, हे ह्यांना आज जेवताना ऐकवते."

"ऐकवा. पण एक ध्यानात ठेवा काकू. ताप आला, शौचातून रक्त पडलं, पोट फार दुखलं किंवा जुलाब थांबेनात, तर 'नवी गोळी आहे, होतं असं' म्हणून घरी बसायचं नाही. अँटिबायोटिकनंतरचे जुलाब कधी कधी निराळेच निघतात. आणि कुणाची केमो चालू असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घ्यायचीच नाही."

"बरं झालं बोललीस. काल रात्री मुलाच्या आईचा फोन आला होता."

"मग? होकार?"

"तो कळवतील म्हणे. आधी विचारलं, तुमच्या ह्यांना कुठली गोळी चालू आहे? त्यांच्या ह्यांनाही तसलीच दिलीय, आणि तेही दोन-दोन घेतात! पंख्याकडे बघत होते ना? त्यातला अर्धा आवाज त्यांचाच होता."

"मग काकू, विरजण पडलं कसलं? लागलं म्हणा! आता हलवू नका."