सोप्पे तात्या

गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा नवा पोऱ्या तळमजल्यावर “सोप्पे कितव्या माळ्यावर राहतात?” असं विचारायचा, तेव्हा आमच्या चाळीत त्याला कोणी हसायचं नाही. तात्यांचं खरं आडनाव रेशनकार्डावर होतं आणि ते तिथंच सुखात नांदत होतं. बाकीच्या लालबागला ते सोप्पे तात्या. कुणाच्याही घरात काही काम चाललेलं दिसलं की तात्या उंबऱ्यात थबकायचे, क्षणभर बघायचे, जिभेनं ‘च्च’ करायचे आणि म्हणायचे, “अहो, हे सोप्पंय!” मग त्या घरातलं ते काम त्या दिवशी काही पुरं व्हायचं नाही.

असा माणूस मुंबईच्या प्रत्येक जुन्या वस्तीत एक तरी असतो. गिरगावातला असेल तर तो वर्तमानपत्रातली कात्रणं जपून ठेवतो आणि लिंबाच्या सालीचे उपयोग तारीखवार सांगतो. दादरचा असेल तर तो त्यामागचं शास्त्र समजावतो. डाळ का शिजत नाही हे कळेपर्यंत पाहुणे उपाशी. लालबाग-परळचा असेल तर त्याच्या हातात पाना असतो. तिघांत हा तिसरा सर्वांत धोकादायक, कारण तो नुसतं बोलून थांबत नाही.

तात्या गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो रीतसर मागे कधी घेतला गेला नाही आणि तात्यांची गिरणीही पुन्हा धड सुरू झाली नाही. पुढे त्यांनी कुठं कुठं गाळ्यांतून लेथवर कामं केली, दोन पोरांची शिक्षणं केली, ते सगळं आलंच. पण एवढ्या मोठ्या यंत्रांची नाडी बघणाऱ्या माणसाच्या हाताला एका गाळ्यातलं एक लेथ कसं पुरणार? शेवटी त्यांना दहा बाय बाराची खोली सापडली. त्या खोलीत एक मोरी होती, एक पोटमाळा होता, एक ओटा होता आणि ओट्यासमोर काकी होत्या. तात्यांच्या लेखी हे आता एक खातं होतं, आणि ते तोट्यात चाललं होतं.

पहिली सुधारणा पाण्याची. आमच्याकडे पाणी पहाटे यायचं. बायका अर्धवट झोपेत उठून नळाला नळी लावायच्या, पिंप भरेपर्यंत भिंतीला टेकून पेंगायच्या. तात्यांना हे वेळेचं नुकसान बघवेना. त्यांनी पिंपात प्लास्टिकचा चेंडू सोडला, चेंडूला तार, तारेला सायकलची घंटी. पिंप भरलं की चेंडू वर येणार, घंटी वाजणार. तोवर काकींनी खुशाल झोपावं. पहिल्या पहाटे घंटी वाजली आणि सगळा माळा उठला. समोरच्या खोलीतले दुसऱ्या पाळीहून मध्यरात्रीनंतर येऊन आडवे झालेले मामाही उठले, आणि ते जे बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. काकी मात्र झोपल्याच नव्हत्या. घंटी नेमकी वाजेल की नाही या काळजीनं त्या पिंपाशेजारी बसून होत्या. चार-सहा दिवसांत असं झालं की घंटीच्या भरवशावर सगळ्या माळ्यानं घड्याळाचा गजर लावणं सोडलं. मग एका पहाटे चेंडूला भोक पडलं आणि आमच्या माळ्यावरची निम्मी पोरं शाळेला उशिरा पोचली. शाळेत कारण सांगितलं, “चेंडू बुडाला.” ते कारण चाललं नाही.

खाली गल्लीत भाजीवाला आला की वरून दोरीला पिशवी सोडायची, ही युक्ती सगळ्या चाळींची. ती कुणी शोधली हे विचारण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. दोरी असते, पिशवी असते, पिशवीत चिल्लर असते. पण तात्यांनी जुन्या बाजारातून कप्पी आणली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी जोखून वजन बांधलं. हेतू असा की काकींना ओढावं लागू नये, नुसतं बोट लावलं की पिशवी वर. हिशेब चार किलो बटाट्यांचा केला होता. त्या दिवशी काकींनी अंडी मागवली. पिशवी तिसऱ्या माळ्यापर्यंत न थांबता कठड्याच्याही वर गेली, आणि दुसऱ्या माळ्यावरच्या वहिनींनी धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर त्या दिवशी जे दिसलं त्यावरून दोन्ही माळ्यांत गणपतीपर्यंत बोलणं नव्हतं. तात्या म्हणाले, “वजन जरा जास्त झालं, बाकी युक्ती बरोबर आहे.” त्यांच्या युक्त्या नेहमीच बरोबर असत. चूक कायम बटाट्यांची असे, अंड्यांची असे, नाहीतर काकींची.

आता तात्यांवर अन्याय नको. त्यांच्या काही गोष्टी चालल्याही. पँट घडी घालून गादीखाली ठेवायची आणि रात्रभर तिच्यावर झोपायचं, की सकाळी इस्त्री. जाळीच्या कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. साखरेच्या डब्यात दोन लवंगा. मात्र या तिन्ही युक्त्या मुळात तात्यांच्या आईच्या. म्हातारी खाणावळ चालवायची. गिरणगावातल्या त्या खाणावळवाल्या बायकांच्या जिवावर कोकण-घाटावरून आलेले हजारो एकटे कामगार जेवले. सकाळी सातची पाळी, दुपारी साडेतीनची, रात्री बाराची; तिन्ही पाळ्यांची पोटं वेगवेगळ्या वेळी भुकेली व्हायची आणि चूल एकच. म्हातारी पहाटे एकदाच कांदा-खोबऱ्याचं मोठं वाटप करून ठेवायची. तेच उसळीत, तेच बांगड्याच्या कालवणात, रविवारी तेच मटणात. ती याला युक्ती म्हणत नसे, किंबहुना कशालाच काही म्हणायला तिला सवड नव्हती. पुढे 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठं लोकांना कळलं की हा धंदा आहे आणि या बायका कामगार आहेत. तात्यांना आईच्या वाटपाचं फारसं कौतुक नव्हतं. “त्यात यंत्र कुठंय?” ते म्हणायचे.

यंत्र त्यांनी दिवाळीत आणलं. चकलीचा सोऱ्या दाबताना काकींच्या मनगटाला कळ लागते हे बघून त्यांनी सोऱ्याला हातभर लांब दांडा जोडला. बलाचं गणित अगदी अचूक होतं. दांडा दाबला, पीठ निघालं, पण चकतीसकट निघालं. चकती तेलात, पीठ भिंतीवर, आणि भिंतीवर लावलेल्या दत्ताच्या तसबिरीच्या काचेवर एक लांबलचक, सरळ, भाजणीची रेघ. काकींनी शांतपणे गॅस बंद केला, पर्स घेतली आणि त्या चिवडा गल्लीत निघून गेल्या. तासाभरात चिवडा, शेव, चकल्या सगळं घरात. त्यांना बघून आमच्या माळ्यावरच्या आणखी दोघी गेल्या. विकतच्या फराळावर नाक मुरडायची तेव्हा पद्धत होती, पण त्या वर्षी कुणाच्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही. सगळ्यांचं तोंड चिवड्यानं भरलेलं होतं.

मसाल्याचं तेच. लालबागेत राहून मसाल्याला युक्ती शोधायची म्हणजे हद्दच. एप्रिल-मे आला की मसाला गल्लीत निम्म्या मुंबईच्या बायका येतात. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हीच्या मधे. धणे, खसखस, दगडफूल, नाकेश्वर तोलून घ्यायचं, तिथंच भाजून मिळतं, मग डंकावर कुटून गरम पिशवी हातात. शिंका फुकट. एवढी सोय खाली उतरल्यावर हाकेच्या अंतरावर. पण तात्यांनी डंकाचे पैसे आणि रांगेचा वेळ वाचवायचं ठरवलं. मिरच्या घरच्या मिक्सरमध्ये, दारं-खिडक्या लावून, म्हणजे तिखट बाहेर उडणार नाही. तिखट खरंच बाहेर उडालं नाही. सगळंच्या सगळं आत राहिलं, तात्यांबरोबर. दार उघडून ते गॅलरीत आले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, पण बोटानं ते खुणावत होते की युक्ती बरोबर आहे. मिक्सर त्यानंतर कधी सुरू झाला नाही.

काकींच्या स्वतःच्या वाटा वेगळ्या होत्या आणि त्या कुणाला सांगाव्या असं त्यांना वाटत नसे. त्या दादरला एका कचेरीत नोकरीला होत्या. संध्याकाळी सुटल्या की स्टेशनबाहेर बसलेल्या बायकांकडून सोललेले वाल, निवडलेली मेथी, सोललेला लसूण घ्यायच्या. पापड लाटण्यात त्यांनी उभ्या आयुष्यात एक दुपार घालवली नाही. माहेर गिरगावचं, 1959 साली तिथल्याच एका गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केले, मग आपण कशाला लाटायचे, हा त्यांचा बिनतोड सवाल. कुकरमध्ये तीन डबे एकावर एक, खाली बटाटे, मधे भात, वर डाळ, तेवढ्यात आंघोळ. आणि या सगळ्यात त्यांना नेहमी ठाऊक असायचं की आपला वाचलेला वेळ हा फुटपाथवर बसून लसूण सोलणाऱ्या बाईच्या नखांतून आला आहे. त्यामुळे लसणाच्या भावात त्या घासाघीस करत नसत. कोथिंबिरीच्या भावात करत. कोथिंबीर सोलावी लागत नाही.

तात्यांना लसणासाठीही युक्ती सापडली होतीच. पाकळ्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावायचं आणि जोरजोरात हलवायचा, सालं आपोआप सुटतात. सुटतात खरी. पण दुपारी दोन वाजता चाळीत तो आवाज ऐकून तळमजल्यावरची पोरं ‘लेझीम आलं’ म्हणून धावत वर आली होती.

सर्वांत मोठी चीज म्हणजे तात्यांची वही. प्रत्येक युक्तीनं किती मिनिटं वाचली याची ते त्यात नोंद करायचे. पिंप, रोज वीस मिनिटं. कप्पी, पाच. लसूण, सात. याची गंमत अशी, की गिरणीत असताना पाठीमागे घड्याळ घेऊन उभ्या राहणाऱ्या साहेबांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. कमी माणसांत जास्त साचे चालवायचे, या दुखण्यावर तर गिरणगावात थेट 1928 सालापासून संप झालेले. ते सगळं तात्या पोरांना रंगवून सांगायचे, आणि सांगता सांगता काकी पोळ्या किती मिनिटांत लाटतात ते भिंतीवरच्या घड्याळात बघायचे. एकदा त्यांनी वहीतली बेरीज केली. निघालेल्या आकड्यानुसार लग्नापासून आतापर्यंत काकींची काही वर्षं वाचली होती. अभिमानानं त्यांनी वही काकींपुढे धरली. काकी कणीक मळत होत्या. म्हणाल्या, “बरं. मग ती वर्षं ठेवलीत कुठं? पोटमाळ्यावर?”

वही पोटमाळ्यावर गेली. पुढे चाळही गेली आणि तिच्या जागी टॉवर आला. आता तात्या सतराव्या मजल्यावर राहतात. पाणी चोवीस तास, कपडे मशीनमध्ये, आणि सून मोबाइलवर दोनदा बोट टेकवते की दहा मिनिटांत दारात कोथिंबीर. पहिल्यांदा ती आली तेव्हा तात्या जुडीकडे कितीतरी वेळ बघत बसले. यात कप्पी नाही, तार नाही, घंटी फक्त दाराची. “यात युक्ती काय आहे?” त्यांनी विचारलं. सून म्हणाली, “युक्ती कशाला पाहिजे, तात्या? मुलगा घेऊन येतो.” तात्या म्हणाले, “म्हणजे तो पळतो म्हणून तुम्हाला सोप्पं.” त्यावर सून गप्प झाली, आणि काकींनी नवऱ्याकडे जरा नव्यानं बघितलं.

तेवढ्यावर थांबतील तर ते तात्या कसले. दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी खाली गेटपाशी खुर्ची टाकून बसू लागले. या पळणाऱ्या पोरांची मिनिटं वाचवायची, हे त्यांचं नवं खातं. एकेकाची स्कूटर थांबवून ते रस्ता समजावतात. हमरस्त्यानं जाऊ नकोस, पुलाखाली अडकशील. गणपतीच्या दिवसांत तर गणेश गल्लीकडं बघूसुद्धा नकोस. मागच्या बाजूनं गिरणीचं फाटक आहे, त्यातून सरळ आत घुस, पलीकडच्या दारानं बाहेर. ते फाटक तात्यांच्या डोक्यात अजून उघडं आहे. प्रत्यक्षात तिथं मॉलची भिंत उभी राहून बरीच वर्षं झाली.

परवा सुनेला फोन आला. दूध, पाव आणि आल्याचा तुकडा घेऊन निघालेला पोऱ्या रडकुंडीला आला होता. “मॅडम, तुमच्या गेटवर मागच्या वेळी एक आजोबा भेटले होते, त्यांनी शॉर्टकट सांगितला होता. त्यानं आलो तर मी आता शिवडी स्टेशनला पोचलोय.”

सुनेला काय बोलावं सुचेना. काकींनी तिच्या हातातून फोन घेतला.

“शिवडीला आहेस ना, बाळा? बरं झालं. स्टेशनपासून दोन मिनिटांवर माझी नणंद राहते, तिच्याकडे आमचा मोठा टोप गणपतीपासून पडलाय. तेवढा येताना घेऊन ये. आणि हे बघ, रस्ता तिलाच विचार.”