उचल

दिवाळी नुकतीच सरली होती. संगमनेरच्या बसस्थानकाबाहेर चहा घेत उभा होतो. बाकावर टोपीवाले एक आप्पा, ऊस बागायतदार. समोर मोटारसायकलला टेकून एक मुकादम. मुकादमानं विचारलं, "काय आप्पा, यंदा उचल किती म्हणत्यात?"

"बघू. जाहीर तर होऊ द्या. तुमची किती गेली?"

"लई गेली. त्यात दोन कोयते उचल घेऊन पळाले."

शब्द एकच, पण एकाला ती यायची होती आणि दुसऱ्याची गेली होती. माझा चहा निवला.

मुकादमाची उचल समजायला सोपी. दसऱ्याच्या आधी पाथर्डी-बीडकडची माणसं ती घेतात आणि पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून फेडतात. पैसा आधी, घाम मागून. फिटली तर फिटली, नाहीतर अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला पुन्हा फडात आणते.

आप्पांचं बरोबर उलटं. त्यांचा ऊस तुटतो, काट्यावर वजन होतं, गाळपही होतं आणि मग पैसे येतात. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ते १४ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज. माल देऊन झाल्यावर मिळणारा स्वतःचा पैसा, त्याला उचल का म्हणायचं? याचं उत्तर सहकाराच्या जुन्या हिशेबात आहे. साखर विकून अंतिम भाव ठरायला हंगाम उलटायचा, तोवर हातावर ठेवायची ती पहिली उचल. तेव्हा शब्द चोख होता. २००९ साली एफआरपी, म्हणजे सरकारनं आधीच ठरवलेला उसाचा किमान दर, आली, तरी प्रवरेच्या दोन्ही काठांना उचल हा शब्द काही सुटला नाही.

खरं तर मराठीत 'उचल'चं गोत फारसं अब्रूदार नाही. उचल्या आपला खिसा हलका करतो, साहेबाची उचलबांगडी होते, बरं झालेलं दुखणं पुन्हा उचल खातं. त्यातल्या त्यात रेशन दुकानदाराची धान्याची उचल आणि बँकेतली मंजूर कर्जाची उचल, एवढ्याच काय त्या सभ्य.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, तुमचे पैसे तुमचेच. उचल कशाला म्हणता? पहिला हप्ता म्हणा."

आप्पांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हप्ता म्हणलं की लोकांना वेगळाच हप्ता आठवतो, मास्तर. आणि सोसायटीचं कर्ज कापून हातात जे राहतं, त्याला काय म्हणायचं ते सांगा आधी."

मी मास्तर नाही, पण तेही दुरुस्त करायची हिंमत झाली नाही. तरी माझा निकाल कायम आहे: तोडणाऱ्याची ती उचल, पिकवणाऱ्याचं ते बिल.

मुकादम फोनवर कुणाला तरी त्या पळालेल्या दोन कोयत्यांचा माग काढायला सांगत होता. मला आपलं वाटत होतं, लोखंडाच्या दोन कोयत्यांसाठी केवढी ही धावाधाव! घरी येताना आप्पांनीच उलगडून सांगितलं. पळालेली माणसं चार होती. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटाच आला तर अर्धा.